वायफायचा उखाणा

राउटरचा हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता आणि त्याच्यापुढे नीळकंठराव देवापुढे बसावं तसे मांडी घालून बसले होते. फरक एवढाच की देवापुढे माणूस मागतो. इथे देवच मागत होता. मांडीवरच्या लॅपटॉपवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: पासवर्ड टाका. नीळकंठराव टाकत होते आणि लॅपटॉप तो परत करत होता.

पाच वाजता त्यांचं ऑनलाइन व्याख्यान होतं. उमरखेडच्या निवृत्त कर्मचारी मंडळानं ठेवलेलं. विषय होता, 'पासवर्ड कसा जपावा'. बँकेत जन्म काढलेला माणूस, त्यामुळे विषय त्यांच्या हातचा मळ. पण मंडळाचे अध्यक्ष होते वामनराव, म्हणजे लेकीचे, गौरीचे सासरे, म्हणजे व्याही. आणि वामनरावांना एक दुर्मीळ देणगी होती. एकदा कोणाची फजिती पाहिली की ती ते लोणच्यासारखी मुरवत आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत थोडी थोडी वाढत.

खरं तर हा सगळा घोळही त्यांच्यामुळेच झाला होता. गेल्या आठवड्यात वामनराव यांच्या घरी आर्णीला मुक्कामी आले, आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागितला आणि पानसुपारीसारखा खिशात घालून गेले. त्यांची उमरखेडची बस सुटली तशी नीळकंठरावांनी स्वतःचाच नियम पाळला. पाहुणा गेला की पासवर्ड बदलायचा. बदलला. नव्या पासवर्डनं लॅपटॉप आणि फोन पुन्हा जोडायचे मात्र राहून गेले, कारण फोनमध्ये रिचार्जचा डेटा होता. तो डेटा आज सकाळी व्याख्यानाची तालीम करता करता संपला.

"कुंदा, तुझा फोन दे बरं," ते म्हणाले.

"माह्या फोन बटनाचा हाय," कुंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या तुरीचे दाणे सोलत होत्या. "त्याच्यात इंटरनेट येते का? तुमीच तर घेऊन देल्ला. म्हणे, साधा फोन सुरक्षित असते."

मग नीळकंठरावांनी इंटरनेटची लाइन जोडून देणाऱ्या गोपालला फोन लावला. गोपाल मारेगावला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेला होता. मागून बँड वाजत होता.

"काका, मागच्या छिद्रात पिन घालू नका," गोपाल ओरडून सांगत होता. "सगळं पुसून जाईन. मंग मलेच येऊन जोडा लागन. उद्या येतो."

"उद्या नाही रे, आज पाचाला पाहिजे."

"आज तं जेवणच पाचाले हाय, काका."

फोन ठेवून नीळकंठरावांनी डोळे मिटले. पासवर्ड ठेवला कसा, ते त्यांना पक्कं आठवत होतं. तीच तर त्यांच्या व्याख्यानाची मेख होती. जन्मतारीख नको, नातवाचं नाव नको. आपल्याच घरातलं, काळजातलं एखादं वाक्य घ्यायचं आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर घेऊन पासवर्ड करायचा. चोर डोकं आपटून मरेल, पण सापडणार नाही. त्यांनी स्वतः वाक्य घेतलं होतं ते कुंदाबाईंच्या उखाण्याचं. चोराचं माहीत नाही, पण त्यांना ते आता सापडत नव्हतं.

"कुंदा," ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "आपल्या लग्नात तू उखाणा घेतला होता. तो जरा म्हण."

कुंदाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. इतक्या वर्षांत हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात येऊन 'चहा' आणि 'चष्मा' या दोन शब्दांपलीकडे कधी गेला नव्हता. त्यांनी पदर सारखा केला.

"आज काहून बाप्पा आठवण झाली?"

"म्हण तर."

कुंदाबाईंनी मान खाली घातली आणि म्हटलं, "समईत तेवते तुपाची वात, नीळकंठरावांनी धरला माझा हात." म्हणताना गालावर जुनी हळद उमटल्यासारखी झाली.

नीळकंठरावांनी तोवर बोटांवर अक्षरं मोजली होती. स, त, त, व, पार 'हात'मधल्या ह पर्यंत. त्यांनी लॅपटॉपवर ती इंग्रजीत टाकली. लॅपटॉपनं ती परत केली.

"हा नाही," ते म्हणाले.

"हा नाई म्हंजे?"

"दुसरा होता. त्यात तूर होती. शेताच्या बांधावर तूर लागली डोलू... असं काहीसं. आणि शेवटी 'मी शिकली बोलू'."

स्वयंपाकघरात अचानक कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला.

"कोन शिकली बोलू?" कुंदाबाईंनी विचारलं.

"तू. म्हणजे तूच असशील."

"माह्या उखाण्यात तूर नव्हती. मावशीनं पाठ करून घेतला होता, समईचा. तुरीवाली कोन हाय?"

"अगं, पासवर्ड आहे तो."

"पासवर्ड हाय म्हणूनच तं इचारून राह्यली. बँकेत ते उमरखेडची कॅशियर होती, तिच्या घरी तुरीचं वावर होतं न?"

"तिचं लग्नच झालं नव्हतं, ती उखाणा कशाला घेईल?"

"पाहा, तिचं लग्न झालं नव्हतं तेही तुमाले ध्यानात हाय. आन् पासवर्ड नाई."

नीळकंठरावांनी हिशोबात कधी चूक केली नव्हती, पण ही बेरीज कुठल्याही बाजूनं केली तरी त्यांच्याच नावावर चढत होती. ते परत राउटरपुढे जाऊन बसले. शेताच्या बांधावर, असं म्हणत श आणि ब पासून सगळं टाकून पाहिलं. मग श ऐवजी नुसता स टाकून पाहिला. लॅपटॉप बधला नाही. आतून शेंगा सोलायचा आवाज येत होता आणि आता प्रत्येक शेंग मान मुरगाळल्यासारखी मोडली जात होती.

इतक्यात शेजारच्या विमलताई फोन हातात धरूनच आत आल्या.

"भाऊजी, तुमचं वायफाय काहून बंद हाय? चार दिवस झाले, माही मालिका तिथंच अटकली. सून सासूले विष देऊन राह्यली, तं चमचा तसाच."

"आमचं वायफाय तुमच्या फोनमधी?" नीळकंठरावांच्या तोंडची बँकेतली शुद्ध भाषा सुटली.

"तुमच्या इवायांनी, वामनरावांनी सांगतला होता न पासवर्ड. ओट्यावर बसून आख्ख्या गल्लीले सांगतलं. मोठा मनमोकळा माणूस."

"बरं, तुमच्या फोनचा डेटा तरी द्या. पाचाला काम आहे माझं."

"माह्या फोनमधी डेटा कायले मारू? तुमचं वायफाय होतं तं."

तेवढ्यात कुंदाबाई बाहेर आल्या. पदरानं हात पुसत, आवाज अगदी गोड करून म्हणाल्या, "विमल, तू सांग. 'मी शिकली बोलू' असा उखाणा कोन घेते आपल्या आर्णीत?"

नीळकंठरावांनी घड्याळाकडे पाहिलं. व्याख्यान बुडतं की संसार, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

विमलताईंच्या चेहऱ्यावर संक्रांतीचा तीळ फुटावा तसं हसू फुटलं. "अवं, तूच त. आमच्याच घरी, हळदीकुंकवाले. तुहं नवं नवं लग्न झालं होतं. सगळ्या बायका म्हणे, तो समईचा जुना झाला, घरचा नवा घे. तं तू उभ्या उभ्या जोडला." आणि त्यांनी बोट नाचवत म्हटलं:

"वावराच्या धुऱ्यावर तूर लागली डोलू,
नीळकंठरावांच्या संगतीनं मी शिकली बोलू."

"वावर," नीळकंठराव पुटपुटले. "धुरा." शेत नव्हे, बांध नव्हे. बँकेत बोलून बोलून जीभ शेतावर आणि बांधावर गेली होती, पण आठवण वावरातच उभी होती आणि पासवर्ड ठेवताना ते आठवणीचंच ऐकून बसले होते.

"मी घेतलाता?" कुंदाबाई हळूच म्हणाल्या. "मले तं आठवतच नाई." मग कपाळाला आठी. "पण तुमाले कसा मालूम? बायकांचं हळदीकुंकू होतं ते."

नीळकंठरावांनी लॅपटॉपवरची नजर काढली नाही. "तुला घ्यायला आलो होतो. दारात चपलांचा ढीग होता. त्याच्यापलीकडे उभा होतो."

"मंग आवाज काहून नाई देल्ला?"

"तू बोलत होतीस न."

विमलताईंनी चमचा, सून, सासू सगळं विसरून पदर तोंडाला लावला.

व, ध, त, ल, पार 'बोलू'मधल्या ब पर्यंत. नीळकंठरावांनी एकेक अक्षर टाकलं, तीळगूळ हातावर ठेवावा तसं. लॅपटॉपनं एक क्षण विचार केला आणि जोडला गेला. कुंदाबाईंना मात्र त्याचं काही नव्हतं. त्या समोर येऊन बसल्या.

"तुमच्या तोंडून म्हणा बरं एकडाव."

"अगं, पाच वाजत आले."

"म्हणा न. माह्याच हाय, मले ऐकू तं द्या."

मग नीळकंठरावांनी तो उखाणा म्हटला. वावरासकट, धुऱ्यासकट, सावकाश, शेवटच्या 'बोलू'वर थोडं रेंगाळून. मग भरात येऊन कोणत्या शब्दाचं कोणतं अक्षर घेतलं तेही बोटावर मोजून दाखवलं, म्हणजे तिला पुढे उपयोगी पडेल. आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण ते म्हणाले, "तू बोलायला शिकलीस, कुंदा. मला काही ते जमलं नाही. मग निदान कुठेतरी लिहून तरी ठेवावं म्हटलं."

"इवाई," लॅपटॉप म्हणाला, "आवाज एकदम साफ येऊन राह्यला."

मीटिंगची खिडकी त्यांनी सकाळी तालमीच्या वेळीच उघडून ठेवली होती. वायफाय जुळताच ती आपोआप आत शिरली होती. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत उमरखेडचं अख्खं निवृत्त कर्मचारी मंडळ बसलं होतं, कोणी टोपी घालून, कोणी बनियनवर, आणि मधोमध वामनराव गालाला हात लावून.

"पहिला नियम समजला," वामनराव म्हणाले. "पासवर्ड मनातला पाह्यजे. आता दुसरा सांगा."

"दुसरा नियम," नीळकंठराव घसा साफ करत म्हणाले, "पासवर्ड कोणालाही सांगू नये."

मंडळ इतकं हसलं की दोनचार चौकटींतले चष्मे पडले. पण हसून झाल्यावर एक वेगळीच गोष्ट घडली. एका टोपीवाल्या मास्तरांच्या मागून त्यांच्या बायकोनं डोकं पुढे काढलं आणि म्हणाली, माझाही एक होता, ह्यांना आठवतो का विचारा. मास्तरांना आठवला नाही. दुसऱ्या चौकटीत एकाला आठवला, पण तो वहिनीचा निघाला. "मोठ्यानं म्हणू नका, मोठ्यानं म्हणू नका," नीळकंठराव हात जोडून सांगत होते आणि उमरखेडमध्ये एकामागून एक तिजोऱ्या उघडत होत्या. खुद्द वामनराव कधी नव्हे ते गप्प झाले, कारण मागून विहीणबाईंचा आवाज आला होता, "तुमी सांगा न, माह्या कोनता होता?"

मंडळानं असं व्याख्यान पुन्हा ठेवायचं एकमतानं ठरवलं. ठरवताना एकटे वामनराव पंगत उठल्यावर राहिलेल्या पत्रावळीसारखे दिसत होते.

मीटिंग संपली. पण आता अख्ख्या उमरखेडला, विमलताईंना आणि विमलताईंमुळे संध्याकाळपर्यंत गल्लीला पासवर्ड ठाऊक होणार होता. तो तातडीनं बदलणं भाग होतं. नीळकंठरावांनी लॅपटॉपवर पासवर्ड बदलायचं पान उघडलं.

"सरका," कुंदाबाई म्हणाल्या. "या वक्ती मी टाकते. अक्षरं येतात मले. तुमी मान फिरवा, तुमचाच नियम हाय."

नीळकंठरावांनी मान फिरवली. मागे एका बोटानं सावकाश टक, टक असा आवाज येत राहिला. मध्येच थांबून कुंदाबाई गालातल्या गालात हसल्याचंही ऐकू आलं. बराच मोठा पासवर्ड असावा.

"झाला," त्या म्हणाल्या.

"बरं, सांग. फोनला टाकतो."

"कोनाले सांगू नाई म्हणे."

"अगं, मला."

"तुमी तं अख्ख्या मंडळात वाटला माह्या उखाणा." कुंदाबाईंनी उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. "पाह्यजे असन तं नाव घ्या. माहं. उखाण्यात. लग्नात तुमी टाळलं होतं, घसा बसला म्हणून."

नीळकंठरावांनी इकडेतिकडे पाहिलं. लॅपटॉप बंद आहे याची दोनदा खात्री केली. मग हात पाठीमागे बांधून, शाळेत कविता म्हणायला उभं करावं तसे उभे राहिले आणि म्हणाले, "राउटरच्या दिव्याची लुकलुक छान, कुंदाचं नाव घेतो, राखा माझा मान."

कुंदाबाईंनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, सालपट बाजूला ठेवलं.

"हा पाठ केल्यासारखा वाटून राह्यला," त्या म्हणाल्या. "मनातला घ्या."