घारपुरेकाकांचा निळा रुपया

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळच्या चहानंतर राणीसरकार तिसऱ्या मजल्यावर दर्शन देतील. इच्छुकांनी आपली शिंक, खोकला, तंबाखू, ओले हात आणि स्वतःची मते जिन्यातच ठेवून यावीत. दर्शन चालू असताना बोलण्यास सक्त मनाई आहे. ज्यांना श्वास घेतल्यावाचून राहवतच नाही, त्यांनी तो तोंड फिरवून घ्यावा.

ही सूचना आमच्या लिफ्टमध्ये, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, चिकटवलेली असते. खाली सही असते श्री. घारपुरे यांची. भोपाळमध्ये राजे, नवाब, मंत्री सगळे होऊन गेले, पण भेटायला येणाऱ्याने श्वास कोणत्या दिशेला तोंड करून घ्यावा हे सांगणारं दरबारी माणूस मी हे एकच पाहिलं.

राणीसरकार म्हणजे एक रुपया. चांदीचा, राणीछाप, इंग्रजी अमदानीतला. पण नुसता रुपया म्हणालात तर काका दार लावून घेतील. हा रुपया ‘प्रूफ’ आहे. टाकसाळीत रोजच्या व्यवहाराची नाणी पाडतात, तशी क्वचित कधी नुसती दाखवण्यासाठी, आरशासारख्या घोटलेल्या ठशांनी, मोजकीच पाडतात. तसला.

“बाकीचे रुपये नोकरी करायला जन्माला आले, सुमेधा,” काका मला म्हणाले होते, “हा जन्मतःच पेन्शनर.”

आणि त्याचा रंग! चांदी जुनी झाली की काळवंडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण लाखात एखादं नाणं असं निघतं की वर्षानुवर्षं ज्यात गुंडाळून ठेवलं त्याच्या संगतीने, काळवंडायच्या ऐवजी ते रंगून येतं. काकांचा रुपया कडेला मोरपिशी, मग निळा, आत जांभळा, आणि राणीच्या गालावर संध्याकाळचं सोनं. दिव्याखाली किंचित कलवला की रंग बोटभर धावतात. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडावं तसे, असं मी एकदा जिन्यात बोलून गेले. पुढचे दोन रविवार मला दर्शन बंद होतं.

काका आयुष्यभर गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. नट, बोल्ट, दांडे, चाकं यांतलं जे खोटं ते बाजूला फेकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी हात थांबेना. नाण्यांच्या जगात प्रतवारी सत्तरपैकी करतात, हे कळल्यापासून तर काकांना जगच सत्तर गुणांचं दिसायला लागलं. माझे पोहे बासष्ट. “चव उत्तम, कडेला जरा मार बसलाय.” वरच्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न अठ्ठावन्न. “जोडा चांगला, पण फार घासूनपुसून उभा केलेला.” माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा केस रंगवले, तेव्हा काकांनी त्याला लिफ्टमध्ये खिशातलं भिंग काढून न्याहाळलं आणि निकाल दिला, “रंग कृत्रिम. गुण देता येत नाहीत.” नवरा आठवडाभर जिन्याने जात होता.

रंग कृत्रिम! काकांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही. काही लबाड लोक गंधक, अंडं, ओव्हन असलं काहीबाही वापरून साध्या नाण्याला एका रात्रीत इंद्रधनुष्य चढवतात. काकांना चोर चालेल, खिसेकापू चालेल, हा माणूस चालत नाही. त्याच्या खालोखाल त्यांचा राग पुसणाऱ्यांवर. “पुसलं की गेलं!” हे त्यांचं पालुपद. नाण्यावरचा रंग पुसला की खालची मूळ चकाकीही जाते, मग ते नाणं म्हणजे नुसता चांदीचा तुकडा.

एका दिवाळीला त्यांची बहीण, आक्का, नागपूरहून आली. लक्ष्मीपूजनाची चांदी घासायला तिने चिंच भिजत घातली आणि सहज कपाट उघडलं.

“काय रे हे! किती काळं पडलंय!”

“काळं नाही, आक्का. निळं.”

“अगोबाई, निळं पडलंय! आण इकडे, चिंच लावते.”

त्या संध्याकाळी पूजा झाली ती बाहेर. काका आत कपाटाला पाठ लावून, स्टूल टाकून बसले होते. आरती त्यांनी तिथूनच म्हटली. प्रसाद त्यांना आत पोचवावा लागला. “लक्ष्मी कोपेल,” आक्का ओरडली. आतून उत्तर आलं, “कोपू दे! तिलाही कोणी चिंच लावली तर तीही कोपेलच!”

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवे बूट घेतले, की खोक्यातली ती ‘खाऊ नये’ लिहिलेली पुडी काकांकडे जाते. ओल शोषायला. बूट नवऱ्याला, पुडी राणीला. नाणं एका गोल पारदर्शक डबीत, डबी पुड्यांच्या गादीवर, गादी कपाटात, आणि आक्काच्या त्या दिवाळीपासून किल्ली काकांच्या जानव्याला.

या सगळ्यात मालतीकाकू कुठे होत्या? स्वयंपाकघरात. काकूंनी ते नाणं कधी पाहिलंच नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी काकांनी कारखान्यातला लॉकर रिकामा केला आणि तो रुपया जेवणाच्या डब्यातून घरी आणला, तेव्हापासून काकू त्याला ‘तुमची ती’ म्हणत. “तुमच्या तिला ऊन लागतंय बघा.” रविवारी दर्शन सुरू झालं, की काकू पिशवी घेऊन भाजीला निघत. मला वाटायचं, हा सवतीमत्सर. काकाही त्यांना कधी ‘ये, बघ’ म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर झालं असं, की यंदाच्या थंडीत टी. टी. नगरमधल्या एका हॉलमध्ये शहरातल्या नाणेवाल्यांनी प्रदर्शन भरवलं. उत्तम नाण्याला चषक. काका काही स्पर्धेत उतरणारे नव्हेत. “राणी काय परीक्षेला बसते?” पण इंदूरहून मेहरोत्राजी नावाचे मोठे जाणकार परीक्षक म्हणून येणार होते, आणि आपल्याइतकंच पाहणारा दुसरा डोळा भेटावा, हा मोह काकांना आवरला नाही. मी गाडी काढली. काकांनी सीटबेल्ट लावला. स्वतःला नव्हे, डबीच्या पेटीला.

मेहरोत्राजींनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. नाणं कलवलं, पुन्हा पाहिलं. काकांचा चेहरा मुलगी दाखवायला आणलेल्या बापासारखा झाला होता.

“माल तो ग़ज़ब है, घारपुरेजी,” मेहरोत्राजी म्हणाले. “पर कलर पे डाउट है। ये बारीक-बारीक लकीरें देखिए, तिरछी। जैसे किसी कपड़े का छाप हो। और कपड़े की बुनाई ऐसी उल्टी तो होती नहीं। किसी ने बैठके बनाया है।”

काकांनी डबीचं झाकण हातात घेतलं.

“रखा कहाँ था इतने साल?”

“अच्छी जगह।”

“लकड़ी की पेटी? लिफ़ाफ़ा?”

“अच्छी जगह।”

“अरे, बता दीजिए तो मैं मान लूँगा। आपकी ज़बान पे भरोसा है। कप आपका।”

हॉलमधली चार माणसं जवळ सरकली. मी काकांच्या बाहीला हळूच ओढलं. “काका, सांगा ना. लॉकरमध्ये कशात होतं?”

काकांनी डबी बंद केली. मान ताठ केली. कारखान्यात एखाद्या साहेबाने खोटा माल पास करायला सांगितला असेल, तेव्हा ते असेच उभे राहत असतील.

“नहीं बताऊँगा।”

“तो फिर मुझे आर्टिफ़िशियल लिखना पड़ेगा, साहब।”

“लिखिए। बड़े अक्षरों में लिखिए।”

परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “सुमेधा, डावीकडे खड्डा आहे.”

आता भोपाळ कितीही मोठं झालं तरी अशी बातमी काही तलाव ओलांडायला वेळ घेत नाही. ज्या माणसाने सगळ्या बिल्डिंगला कृत्रिम ठरवलं, तोच नाणं रंगवताना सापडला! लोकांना दिवाळी उशिरा आली. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी ऐटीत लिफ्ट वापरली. पुढच्या रविवारी दर्शनाला कुणी आलं नाही. तरी काकांनी सूचना लावली, खुर्च्या मांडल्या, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर तोंड फिरवून श्वास घेत बसून राहिले. मी गेले तर म्हणाले, “उशीर केलास. बस. बोलू नकोस.”

त्यानंतर दोन दिवसांनी खाली भाजीच्या ठेल्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी दुबेजी भेटले. मी कांदे निवडत होते, काकू कोथिंबीर.

“क्यों भाभीजी,” दुबेजी हसत म्हणाले, “सुना है काका ने रानी को मेहँदी लगा दी?”

काकूंनी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या नाकासमोर धरली. “दुबेजी, हमारे आदमी ने चालीस साल में कढ़ी में हल्दी ज़्यादा नहीं पड़ने दी। वो सिक्का रंगेंगे? आप पहले अपनी मूँछ का रंग मिलाइए सिर से!”

आणि कोथिंबीर तिथेच टाकून तरातरा लिफ्टकडे निघाल्या. जाता जाता माझा हात धरला. “तू चल. साक्षीदार हवा.”

काका वर्तमानपत्र वाचत होते.

“काढा,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“तुमची ती. आज मी बघणार.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काही नाही. पण लोक मला विचारतात आणि मी न बघताच शपथा घेते. काढा.”

“मालती, ते तुझ्या बघण्यासारखं नाही.”

“साऱ्या भोपाळला दाखवता! पेपर टाकणाऱ्यालासुद्धा दाखवलंत! मी तेवढी नको?”

“तू नको,” काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. माझ्यासमोर एवढ्या बारीक आवाजात ते कधी बोलले नव्हते.

काकूंनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. हट्टाच्या बाबतीत दोघेही सत्तरपैकी एकोणसत्तर. शेवटी काकांनी जानव्याची किल्ली सोडली.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काकू उत्तम विणतात. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाळाचं पहिलं स्वेटर त्यांच्या हातचं. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांची वीण सगळ्या जगाच्या उलट कलते. मला शिकवायला बसल्या तेव्हा माझे हात उलटे आणि त्यांचे सुलटे, की त्यांचे उलटे आणि माझे सुलटे, यातच अख्खा हिवाळा गेला. त्याच हिवाळ्यात, सुया न थांबवता, त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांनाही एक मुलगी झाली होती. फार दिवस राहिली नाही. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, तो बाळंतविडा माझ्या डोळ्यांसमोरून न्या, कुणालाही द्या, एक चिंधीसुद्धा ठेवू नका. काकांनी टोपडी, झबली, मोजे, सगळं गाठोड्यात बांधलं, सायकलला लावलं, आणि तासाभराने रिकाम्या हातांनी परत आले. “दोघांनी पुन्हा कधी विषय काढला नाही,” काकू म्हणाल्या होत्या. “ते तर विसरूनही गेले असतील. पुरुषांचं बरं असतं.”

काकांनी टेबलावरचा दिवा लावला. पांढरे मोजे, म्हणजे हातमोजे, काकूंपुढे ठेवले. भिंग दिलं. सवयीने म्हणाले, “बोलायचं नाही.” आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नाणं बाहेर काढलेलं असताना काका दुसरीकडे बघतायत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

काकू वाकल्या. आधी त्यांनी राणीचं नाक बघितलं असावं, कारण त्यांच्या कपाळावर नापसंतीची आठी पडली. मग नाणं कलवलं. रंग धावले. मोरपंखी, निळा, जांभळा. त्या थांबल्या. पुन्हा कलवलं, आता अगदी सावकाश, त्या तिरक्या बारीक रेघांवर उजेड पडेल असं. भिंग आणखी खाली आलं.

मग नाणं त्यांनी डबीत टेकवलं. मोकळा झालेला हात टेबलावर होता. त्याची बोटं हलायला लागली. जणू सुई धाग्याखाली घालतायत, धागा ओढतायत, टाका सोडतायत. एक ओळ झाली. दुसरी ओळ झाली.

खिडकीतून खालच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. काका वळले नाहीत. फक्त त्यांचा हात मागे येऊन खुर्चीची पाठ शोधत होता.

काकूंनी भिंग ठेवलं, आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“अहो, तिचा एक मोजा ठेवून घेतलात होय तुम्ही!”