निळा नळ, लाल नळ

सकाळी सात वाजता पंपवाल्याने तपासणीची पट्टी निळ्या नळाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली, साठपर्यंत आकडे मोजले आणि पट्टी डोळ्यांजवळ नेली. पट्टी गुलाबी झाली होती. साधीसुधी नाही, नव्या फ्रॉकसारखी गुलाबी.

"गेलं!" तो ओरडला.

बायको हातातलं काम टाकून धावत पंपघरात आली. "अहो, कोण गेलं?"

"यंत्र गेलं! पाण्यात नायट्रेट जसंच्या तसं!"

वस्तीतलं बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं आणि चवीला गोड, पण त्यातलं नायट्रेट तान्ह्या मुलांच्या जिवावर उठणारं. पंपवाल्याची लेक दोन महिन्यांची मुलगी घेऊन घरी आली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, बाटलीच्या दुधात या पाण्याचा एक थेंबही नको. तेव्हापासून तो रोज चौदा किलोमीटरवरून स्कूटरवर पाण्याचे कॅन आणत होता. म्हणून पंपघरात नवं यंत्र बसलं तेव्हा सगळ्यात जास्त नाचला तोच. यंत्र म्हणजे बारीक पिवळ्या मण्यांनी भरलेली उंच टाकी. मणी नायट्रेट धरून ठेवत. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, की पुन्हा कामाला तयार. चार दिवस यंत्र नुसतं चालवून पाहिलं होतं, पट्टी आज पहिल्यांदाच लावली होती. अकरा वाजता प्रयोगशाळेच्या मॅडम येणार, पट्टी पांढरी राहिली की यंत्राचं पाणी देणाऱ्या निळ्या नळावर बांधलेलं फडकं सोडणार. लाल नळाला मात्र जुनंच पाणी. हे रंग पंपवाल्याने स्वतः, शीळ घालत, दिले होते.

"मणी भरले असतील," बायको म्हणाली. "मीठ घाला की."

त्याने दोन पोती मीठ कालवून टाकीत सोडलं, मणी घाईघाईने धुतले. पट्टी गुलाबी! दुकानातलं होतं नव्हतं तेवढं मीठ आणलं. पट्टी गुलाबी! मग बायको शेजारच्या सात घरांतल्या बरण्या घेऊन आली.

"आज सगळ्या गल्लीला अळणी जेवावं लागणार," ती धापा टाकत म्हणाली.

"जेवू देत! मॅडम यायला तासच उरलाय!"

तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या राहिल्या. यंत्राच्या पाण्याला शिवणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. त्यांच्या हातात कळशी होती आणि चेहरा भलताच वाकडा.

"जावईबापू, लाल नळाला काय केलंत? समुद्र सोडलात की काय? तोंडात धरवत नाही! चार दिवस कसं छान जुनं पाणी येत होतं!" कळशी तिथेच आदळून त्या तरातरा निघून गेल्या.

पंपवाला भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दोन पाइपांकडे बघायला लागला. आतून बघताना यंत्राचा पाइप डावीकडे होता. त्याने बाहेर जाऊन डावीकडचा नळ निळा रंगवला होता. पण भिंतीच्या पलीकडे गेलं की डावं उजवं होतं!

तो धावत बाहेर गेला, लाल नळ पूर्ण सोडला आणि खारटपणा जाईपर्यंत पाणी वाहू दिलं. नवी पट्टी बुडवली. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. पांढरीशुभ्र!

"अगं, चाललंय! चार दिवस चाललंय!" त्याने बायकोला भर रस्त्यात गरकन फिरवलं.

"सोडा! लोक बघतायत!" ती म्हणाली, पण तिने हात सोडला नाही.

मॅडमनी स्वतः तीनदा तपासलं आणि दाखल्यावर सही केली. लेकीने त्या पाण्याने दूध बनवलं. तान्हीने बाटली रिकामी करून असा ढेकर दिला की मॅडमही हसल्या.

"आता नळांचे रंग बदलून घ्या," त्या म्हणाल्या.

पंपवाल्याने रंगाऐवजी पाना उचलला. तासाभरात दोन्ही नळ यंत्राला जोडले गेले. संध्याकाळी बाहेर दोन रांगा लागल्या. निळ्या नळापाशी तरणी मंडळी, लाल नळापाशी सासूबाईंच्या मागे सगळे म्हातारे.

सासूबाईंनी घोट घेतला. "हां! ही खरी चव! त्या यंत्राच्या पाण्याला हिची सर नाही."

"आजी, तुमचं ते जड पाणी तुम्हीच प्या," निळ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "आमचं बघा कसं हलकं!"

रांगा बघायला थांबलेल्या मॅडम हळूच पुटपुटल्या, "यांना सांगायचं नाही का?"

"मॅडम," पंपवाला कुजबुजला, "आत्ता कुठे सगळी वस्ती चांगलं पाणी प्यायला लागलीय. दोन दिवस भांडू द्या की."