लोंबकळता ऑर्गन

विबोचा ऑर्गन ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी घराच्या माथ्यावरच्या आकड्यातून ओवलेल्या दोरीला अर्ध्यावर लोंबकळत होता, आणि नेमकी तेव्हाच घरमालकीण गेसमावशींनी खालून हाक मारली, "पोरांनो, कॉफी!"

जिने अरुंद, त्यामुळे जड सामान दोरीनेच खिडकीतून चढवायचं, याचं तिथे कुणाला नवल नाही. पण मावशींच्या कॉफीला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. विबोचा जीव मात्र टांगणीला लागला होता. त्याच्या बँडची नवी रचना ऐकायला रेकॉर्ड कंपनीचे टेरप्स्ट्रासाहेब थोड्याच वेळात येणार होते. रचना कसली, रेकॉर्डची अख्खी एक बाजू खाणारं प्रकरण!

"साहेबांना नाही आवडलं, तर सोमवारपासून मी बाबांच्या चीजच्या दुकानात," विबो म्हणाला.

"एका कपाने काय होतंय?" म्हणत ड्रमवाल्या रूलोफने दोरी बांधायला जागा शोधली. झाडांना सायकलींचा वेढा होता. त्याने धक्क्याला लागलेल्या बोटीच्या कडीला पक्की गाठ मारली.

कॉफीबरोबर मावशींनी एकेक बिस्कीट दिलं आणि डबा लावून टाकला.

"दुसरा कप घेता?"

"घेतो की!" रूलोफ म्हणाला. दुसऱ्या कपाशिवाय डबा पुन्हा उघडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या बोटीचे हार्मेनकाकाही कॉफीला आले होते, पण ते एका कपात उठणारे. बटाटे पोचवायचे होते. कडीला बांधलेली दोरी न बघताच त्यांनी इंजिन सुरू केलं, बोट निघाली, आणि ऑर्गन सरसर वर चढत थेट आकड्याला जाऊन अडकला.

"दोरी सोडू नका, ऑर्गन खाली येईल!" विबो किंचाळला.

"अरे, मग मागे तरी कसा येऊ?" काका गरजले. त्यांच्या मागे तोवर दुसरी बोट येऊन ठेपली होती, तिच्यामागे तिसरी. कालवा तुंबला, पुलावर ही गर्दी! आणि त्या गर्दीत टेरप्स्ट्रासाहेब.

"मी इथूनच ऐकतो," साहेब ओरडले. "करा सुरू!"

आता माघार कसली? बाकीची वाद्यं आधीच माळ्यावर पोचली होती; विबो तिथल्या खिडकीवर चढून बाहेर लटकणाऱ्या ऑर्गनवर वाकला. गिटारवाल्या चेर्डने एका हाताने त्याचा पट्टा धरला, मग गिटारसाठी दोन्ही हात लागतात हे आठवून पट्टा मावशींच्या हाती दिला. वायर जोडली, आणि बँड सुटला! ऑर्गन झुलत होता, सूर कधी कालव्याकडे, कधी घरांकडे वाहत होते. पुलावरची माणसं नाचायला लागली. ऐन संथ भागात खालून हार्मेनकाकांच्या भोंग्याने असा काही घनगंभीर सूर लावला की विबोच्याही अंगावर काटा आला. अहाहा, काय वाजलं ते!

संपताच साहेब धापा टाकत माळ्यावर आले. "करार पक्का! पण तो भोंगा हवाच. तो वाजवणारा कोण?"

उत्तर पाठोपाठ जिन्यातूनच आलं. "मेल्यांनो, बंद करा म्हणून कधीचा भोंगा बडवतोय, कान फुटले का तुमचे?"

"काका, तुम्ही स्टुडिओत आला नाहीत तर मी चीज कापत बसेन हो!" विबोने हात जोडले. "पुन्हा हेच वाजवायचंय आम्हाला. याल ना?"

"पुन्हा?" काकांनी बाह्या सरसावल्या. "येणार म्हणजे काय! तुम्हाला थांबवायला कुणीतरी नको?"