चौथ्या फळीचा तुलनात्मक अभ्यास

नगरपालिकेचे अध्यक्षसाहेब, तुम्हाला मी चोर म्हणणार नाही. चोराला निदान घाई असते.

कारभार कुठल्याही देशातला असो, तो एकतर वरून खाली येतो नाहीतर खालून वर जातो. आमच्या गावचा कारभार बाहेर जातो. विमानाने.

झालं असं. नाल्यावरच्या लाकडी पुलाला अकरा फळ्या. त्यातली चौथी मोडली. अलीकडे आमचं घर, पलीकडे रुग्णालय, आणि आठवड्यातून तीनदा तिथे आईचं डायलिसिस. (तिच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिलाय. स्वतःहून पद सोडल्याचं गावातलं हे एकमेव उदाहरण.) पुलावरून सहा मिनिटं, वळसा घालून पन्नास, आणि त्या पायवाटेवर गाडी जात नाही. आईला पन्नास मिनिटं चालवत नाही, म्हणून मी तिला उचलून ती एक फळी पार करायचो आणि पुढे चालवायचो. तेवढ्यावर भागत होतं. पण अवदसा आठवली आणि मी अर्ज केला.

पालिकेने अर्ज फार गांभीर्याने घेतला. फळी बदलायची कोणी, हा मूलभूत प्रश्न ठरला आणि नऊ जणांची समिती देशोदेशीचा स्थानिक कारभार अभ्यासायला रवाना झाली. एका फळीपायी नऊ पासपोर्ट निघाले, याचा मला अभिमान आहे.

अहवाल एकशे बेचाळीस पानांचा. मी तो दोनदा वाचला. पहिल्या देशात नगराध्यक्षाला लोक थेट निवडतात. फळी मोडली की तो स्वतः हातोडा घेऊन हजर होतो, फोटोवाला बरोबर. दुसऱ्या देशात निवडून आलेले नुसते बसतात आणि काम पगारी व्यवस्थापक बघतो. फळी राहिली तर त्याची नोकरी जाते. (बसण्याचा भाग आपल्याकडे आधीच लागू असल्याचं समितीने समाधानाने नोंदवलंय.) तिसऱ्या देशात गल्लीतली माणसं मैदानात जमतात आणि हात वर करून सगळं ठरवतात. चौथ्या देशात खिळासुद्धा राजधानीतून येतो. पण येतो.

निष्कर्ष : चारही देशांत एकही मोडकी फळी आढळली नाही, सबब तुलना होऊ शकली नाही. पाचवा दौरा प्रस्तावित.

पाचव्या देशात ती मिळाली. समितीला गहिवरून आलं. जागच्या जागी मैत्रीचा करार झाला, आणि तिकडची मंडळी आमची फळी बघायला येणार म्हणून ती आहे त्या स्थितीत जतन करायचं ठरलं. पुलाला दोरी लागली, पाटी लागली, राखणदार बसला. आता धड असलेल्या दहा फळ्यांवरूनही जाणं बंद.

मी सुताराकडून नवी फळी करून आणली. अर्जाला पाच महिने उत्तर नव्हतं. फळी आणली त्याच दुपारी नोटीस आली. गुन्हा : अभ्यासविषयात ढवळाढवळ.

राखणदार वाईट नाही, पोटासाठी बसलाय. "आजी, दोरीला हात नका लावू," तो म्हणाला.

आईने हात काढला. "नाही लावत रे. मी गेले की मलाही अशीच दोरी बांधून ठेवा. पाहुण्यांना दाखवायला होईल."

त्याने दोरीची गाठ पुन्हा घट्ट केली.

मग पालिकेने तिसऱ्या देशाची पद्धत तातडीने लागू केली. लोकांनीच ठरवावं. सभा भरली. ठराव : पाहुणे येऊन जाईपर्यंत फळी बदलू नये. चहा ठरावानंतर होता. बाजूने दोनशे बारा हात वर गेले. विरोधात दोन, माझा आणि आईचा. दोन डायलिसिस चुकल्याने तिचा हात सुजला होता, तो खांद्यापर्यंतच आला. नियमाप्रमाणे तो धरला नाही.

अध्यक्षसाहेबांकडून मला उत्तर नको. त्यांचं उत्तर दौऱ्यावर असतं. मी विचारतोय ते तुम्हाला, हे वाचत बसलेल्यांना. आईला तुम्ही ओळखता, येता-जाता तब्येत विचारता. तिला मंगळवारी पलीकडे जायचंय. त्या सभेत तुम्ही तिच्या मागच्याच रांगेत होतात. हात का वर केलात?