भगवानभाऊंचे उंच पितर

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून ती सगळे जमिनीवर मांडतात. आमच्या शेजारचे भगवानभाऊ मात्र आईबापाच्या दोन खाली मांडायचे आणि आणखी दोन, स्टुलावर चढून, परसातल्या भिंतीवर. लग्न होऊन मी दारव्ह्याला आले त्या पहिल्याच वर्षी विचारलं, भाऊ, ह्या वर कशाला?

"ते लय उंच होते, वहिनी. वाकून वाकून पाठ दुखीन त्यायची. समजून घ्या न."

समजून घ्या न, हे त्यांचं पालुपद. आणि मला तर काही म्हणजे काही समजत नसे.

हळूहळू कळलं ते असं. भाऊंची बसस्टँडजवळ खानावळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आसामात अमेरिकन पलटणीच्या छावणीत स्वयंपाकी होते. तिथला एक ताडमाड शिपाई, भाऊ त्याला जाकू म्हणत, झाडाला लोखंडी कडं ठोकून त्यात चेंडू टाकायचा. आमचे भाऊ बुटके, तर जाकू त्यांना कमरेला धरून वर उचलायचा आणि म्हणायचा, टाक. लढाई संपल्यावर जाकू मायदेशी जाऊन तोच खेळ चक्क पगारावर खेळू लागला. माझ्या सासऱ्यांना हे कधी पटलंच नाही. चेंडू टाकायचा पगार कोण देतं, आणि पेन्शन आहे का, एवढंच ते विचारत.

जाकूची पत्रं यायची. हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर ती वाचून सांगत. एका पत्रात आलं की त्याच्या संघातला एक पोरगा खेळता खेळता छाती धरून पडला, तो उठलाच नाही. पुढच्या साली दुसरा मोटारीच्या अपघातात गेला. दोघांचीही लग्नं व्हायची होती. सोबत वर्तमानपत्रातले फोटो, चड्डी-बनियनवरचे. भाऊंनी ते देवघराशेजारी, आईबापाच्या ओळीत लावले. "मागं लेकरू नाही," म्हणाले, "पाणी कोण देईन त्यायले?"

आता आमच्याकडे त्या दिवशी पितराच्या जागी जिवंत माणूस बसवून जेवू घालतात. भाऊंना त्यासाठी उंच माणूस हवा, आणि गल्लीत उंच म्हणजे आमचे हे. दरवर्षी बोलावणं. हे कुरकुरत, "कोण कुठला गोरा, अन् त्याच्या नावानं मी पोळ्या खाऊन राह्यलो." पण दोघांचं जेवण एकटे जेवून यायचे.

साठ सालाच्या पुढेमागे जाकूची पत्रं बंद झाली. भाऊंनी मास्तरांकडून तीनदा लिहवून घेतलं, उत्तर नाही. सण जवळ आला तसे ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"घागर भरली अन् तो जिता असला, तं मीच मारला त्याले. नाही भरली अन् गेला असला, तं तहानलेला राहीन. काय करू, वहिनी?"

मला काय कळणार? सणवार तोंडपाठ असलेली माझी सासूसुद्धा पंचांग चाळायला लागली.

त्या वर्षी मीही वाढायला गेले होते. भिंतीवर घागरी दोनच होत्या. ह्यांचं नेहमीचं जेवण झालं. हे उठायला लागले, तर भाऊंनी पलीकडे दुसरा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. म्हणाले, "हे पान पितराचं नाही, दादा. पाव्हण्याचं हाय. बसा."

हे बसले. भाऊ समोर बसून पंख्याने वारा घालत राहिले. बऱ्याच वेळाने, ह्यांच्याकडे बघत, हळूच म्हणाले, "काहून बापा, चिठ्ठी नाही टाकली?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. मग आमचे हे, ज्यांनी जन्मात कुणाला पोस्टकार्ड लिहिलं नाही, मान खाली घालून म्हणाले, "राहून गेलं, भगवान. टाकतो आता."

पानात आणखी एक पोळी वाढून भाऊंनी वर तुपाची धार धरली, आणि गळ्यापर्यंत जेवलेल्या ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली.