देणगीदारांना टॉवेल

तुम्ही कुणाच्या फीसाठी पन्नास रुपये दिलेत आणि आठवड्याभरात पोस्टाने तुमच्या दारात कोरा टॉवेल आला, असं कधी झालंय? झालं असेल तर तो आमच्या नरसय्याअण्णांनी पाठवलाय.

अण्णा सोलापुरात आमच्या गल्लीत एकटेच राहतात. उभा जन्म यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेला. मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा त्यांच्या दारातून मोकळ्या हाताने जात नाही. "घ्या की! पाणी लई वढतंय," म्हणत ते त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतातच.

शेजारच्या कविताला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आई विड्या वळते. फी शुक्रवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा जाणार. मी ऑनलाइन वर्गणी मागायचं ठरवलं. आवाहनात शिक्षणाचा बाजार, व्यवस्थेचा दंभ, सगळं ठासून भरलं आणि अण्णांना वाचून दाखवलं.

"लीडर, भाषण झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ह्यात कविता कुटंय?"

मग मी आईशेजारी विड्या वळणाऱ्या कविताचा फोटो टाकला. "जरा दुःखी दिस," असंही तिला सांगितलं. तिला हसू आवरेना, म्हणून सात वेळा काढला. पैसे येऊ लागले, आणि अण्णा प्रत्येक देणाऱ्याचा पत्ता मागू लागले. नागपूरच्या एका गृहस्थांनी पन्नास दिले. त्यांना टॉवेल पाठवायलाच साठ लागले.

"अण्णा, आपण पोस्टाला देणगी देतोय!"

"माज्या खिशातनं जातंय की. पोरीनं फुकट घेतलं असं कुनी म्हणाय नको."

गुरुवारी सकाळी ते उंबऱ्यात येऊन म्हणाले, "त्यो फोटू काढून टाक."

मी भडकले. दहा हजार कमी होते, एकच दिवस उरला होता, आणि पैसे येत होते ते फोटोमुळेच.

अण्णा उंबऱ्यावरच बसले. ते चौथीत असताना एका शेठने त्यांची फी भरली होती. स्टेजवर उभं करून फोटो काढला आणि दुकानात लावला. "गिऱ्हाईक मला वळखायचं. शाळेची वाट त्याच दुकानावरनं. आदी वाट सोडली, मग शाळा बी सुटली." मग म्हणाले, "तू कविताला इचारलंस का?"

हक्कांवर पानंच्या पानं लिहिणारी मी, तिला विचारलंच नव्हतं.

विचारलं तेव्हा कविता म्हणाली, "कॉलेजात पहिल्याच दिवशी विडीवाली म्हणतील गं. पण तू एवढं करत होतीस, कसं बोलू?"

मी फोटो काढून टाकला. पैसे आटले. शुक्रवारी जमले तेवढे भरले आणि कॉलेजच्या खिडकीशी हुज्जत घालून बाकीच्या पैशांना दिवाळीपर्यंत मुदत मिळवली. पावती हातात पडताच अण्णांनी क्लार्कपुढे टॉवेल धरला.

"अण्णा, ही लाच आहे!" मी ओरडले.

"लाच काम व्हायच्या आदी देत्यात, लीडर."

क्लार्कने टॉवेल घेतला नाही. अण्णा घरी येईपर्यंत माझ्यावर फुगून होते.

तुमच्याही फोनवर फी मागणारा असा एखाद्या मुलीचा फोटो आला असेल. पैसे जरूर द्या. पण फोटो पुढे पाठवण्याआधी, ज्याने तो तुम्हाला पाठवला त्याला एक फोन करा आणि विचारा, तिला विचारलंय का?