सामनेवाली पार्टी

लग्नाच्या साड्या घेऊन पांढरकवड्याहून निघालेली सेवादासची बोलेरो मुकुटबनच्या फाट्यावर वळली नाही, याचं कारण नेमकं त्याच वेळी गाडीत देशात कोणाचं सरकार येणार हे ठरत होतं.

ते ठरवणारे दोघं पुढं बसले होते. गाडी चालवत होता सेवादास, मुकुटबनजवळच्या तांड्याचा. शेजारी बसला होता त्याचा शाळेपासूनचा मित्र घनश्याम. घनश्यामच्या मुलीचं, सुरभीचं, लग्न मतदान झाल्यावर केळापूरच्या अमरशी व्हायचं होतं. दोघा मित्रांची शेतं धुऱ्याला धुरा लागून होती, दोघांची पऱ्हाटी एकाच पावसावर उगवायची, पण मतं आजवर कधी एका बटणावर पडली नव्हती. घनश्याम सत्तेतल्या पक्षाचा, सेवादास विरोधी पक्षाचा. दोघांपैकी कोणाकडंच पक्षाचं साधं पदही नव्हतं. त्यामुळे त्यांना गप्प बसवण्याचा अधिकार कोणत्याच पुढाऱ्याला नव्हता.

मागच्या सीटवर घनश्यामची बायको वच्छलाबाई, सेवादासची बायको लालीबाई आणि साड्यांचे गठ्ठे होते. गठ्ठे पायाशी होते, पाठीशी होते, मांडीवरही होते. सगळ्या साड्या एकाच गुलाबी रंगाच्या. हे घनश्यामचं धोरण. दुकानात त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "एकीले भारी, दुसरीले हलकी, मंग मांडवात भांडण. सगळ्यायले सारखं द्या. यालेच म्हणते समाजकारण." दुकानदाराला हा विचार इतका पटला की बरेच दिवस न खपलेला गुलाबी माल त्यानं आतून काढून आणला.

"अर्ध्या तिकिटावर सरकार परत येते, लिहून ठेव," घनश्याम म्हणाला. "बाया एसटीत अर्ध्या तिकिटात फिरून राह्यल्या. जी बाई दिवाळीलेच माहेरी जाये, थे आता दर महिन्याले जाते. तिचं मत कुठं जाईन?"

"माहेरीच जाईन," सेवादास म्हणाला. "आन माहेरी काय सांगीन? कापसाले भाव नाही, हेच सांगीन ना?"

"राशन फुकट हाय ना बे!"

"फुकटाचं मले नको सांगू. फुकट तं थे पैनगंगेच्या पुलापलीकडं, दुसऱ्या राज्यात हाय. तिकडं बायांले बसचं तिकीटच नाही." सेवादासनं स्टेअरिंगवरचा एक हात काढून समोर केला. "आन सांगू? माहा साळा तिकडं राह्यते. तो अनुसूचित जमातीत. मी इकडं विमुक्त जातीत. बोली एक, देव एक, मधात एक नदी. हे कोणतं धोरण होय, सांग मले."

या मुद्द्याला घनश्यामनं आवाज वाढवून उत्तर दिलं.

"अवो, फाटा..." मागून वच्छलाबाई म्हणाल्या.

"थांब वं. मुद्दा चालू हाय."

"सेवादासभाऊ, आपला फाटा..."

"वहिनी, तुम्ही मधात फाटे फोडू नका. आज याले सोडत नाही मी."

वच्छलाबाईंनी लालीबाईकडं पाहिलं. लालीबाईनं पदरानं तोंडावर वारा घेतला. "जाऊ दे बाई," ती म्हणाली. "डिझेल संपलं म्हणजे थांबतीन."

पाटणबोरी मागं पडली. पैनगंगेचा पूलही मागं पडला. पुलावर असताना घनश्याम गावागावातली आघाडी सांगत होता आणि सेवादास प्रत्येक गाव त्याच्याकडून परत जिंकून घेत होता. शेवटी घनश्याम गप्प झाला, तो रस्त्याकडेच्या पाट्या त्याला वाचता येईनात तेव्हा.

"काय लिहिलं बे हे?"

"तेलुगू हाय."

"आपल्या इथी तेलुगू कधी आली?"

"आपल्या इथी नाही आली," सेवादास गाडीचा वेग कमी करत म्हणाला. "आपणच यायच्या इथी आलो."

समोर रस्त्यात लोखंडी अडथळे लावले होते आणि कडेला निवडणूक तपासणी पथकाचा मांडव होता. सेवादासनं अडथळ्यांच्या आधीच, जिथं जागा दिसली तिथून गाडी घाईघाईनं मागं वळवली. नाका पाहून गाडी वळवणारा माणूस म्हणजे काय, हे नाक्यावरच्या लोकांना शिकवावं लागत नाही. शिट्ट्या वाजल्या, दोन शिपाई धावले आणि बोलेरो मांडवासमोर आणून उभी केली गेली.

मागचं दार उघडलं तसा एक गठ्ठा आपोआप खाली पडला आणि सुटला. रस्त्यावर गुलाबी साड्या पसरल्या. पथकाचे साहेब खुर्चीतून उठले. पुलाच्या त्या बाजूला गुलाबी हा नुसता रंग नव्हता, तिथल्या एका पक्षाच्या झेंड्याचा रंग होता. घनश्यामला हे माहीत नव्हतं. त्याचा अभ्यास आपल्या तालुक्यापुरता होता.

"इतना साडी?" साहेबांनी त्यांच्या हिंदीत विचारलं. "सब एक कलर?"

"समानता है, साहब," घनश्याम पुढं होत म्हणाला. पथकाचा कॅमेरावाला चित्रण करतोय हे पाहून त्यानं टोपी सारखी केली.

"किस को देना है?"

"बांटना है. एक भी औरत छूटना नहीं."

"क्यों बांटना?"

"रिवाज है! नहीं बांटे तो लोग बाद में बोलते. मेरे बडे भाई ने भी बांटा था. एकदम आराम से काम निपट गया उसका."

साहेबांनी कॅमेरावाल्याला आणखी जवळ बोलावलं. "कौन सा पार्टी?"

"हमारी लडकीवाली पार्टी. सामनेवाली पार्टी केळापूर की है. तगडी पार्टी है, साहब, पर हम भी कम नहीं. पूरे गाव को खाना देने वाले है."

"खाना भी?"

"बुंदी, वांगे की भाजी, सब! कोई भूखा नहीं जायेगा."

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "लग्न हाय साहेब, लग्न! पोरीचं लग्न!" त्या गाडीतूनच ओरडल्या.

"शादी है? तो कार्ड दिखाओ."

"कार्ड छपा नहीं," घनश्याम म्हणाला. "प्रेसवाला बोला, पहले पार्टी का काम निपटाता, फिर तुम्हारा छापता."

साहेबांनी मान डोलावली. जे त्यांना आधीच कळलं होतं, तेच हा माणूस पुन्हा पुन्हा कबूल करत होता. घनश्यामनं दुकानाचं बिल काढून दिलं. साड्या विकत घेतल्या आहेत एवढं त्यावरून सिद्ध झालं, कशासाठी ते झालं नाही. साहेबांनी गठ्ठे उतरवायला सांगितलं. साड्या जप्त होणार होत्या आणि त्या सोडवेपर्यंत सुरभीच्या लग्नाची तारीख निघून जाणार होती.

गठ्ठे उतरवणाऱ्या हवालदाराच्या छातीवरची पट्टी सेवादासनं वाचली. रूपसिंग.

"राम रामी," सेवादास म्हणाला.

रूपसिंगनं गठ्ठा खाली ठेवला. "राम रामी!" मग दोघं बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलू लागले. कोणता तांडा, कोणतं गोत, कोणाचा सासरा कुठला, हे सगळं झाल्यावर रूपसिंगनं साहेबांच्या कानात सांगितलं की हा आमच्यातला माणूस आहे, हा खरं बोलेल. याला लग्नाबद्दल विचारू.

सगळे सेवादासकडं पाहू लागले. सेवादासनं घनश्यामकडं पाहिलं.

"सांगतो मी, लग्न हाय म्हणून," तो म्हणाला. "पह्यले तू सांग. आपल्या तालुक्यात लीड कोणाची?"

"आमची."

"इचार करून बोल. गठ्ठे खाली उतरून राह्यले."

"उतरू दे. साड्या पुन्हा घेता येते. लीड आमचीच."

"मंग बस इथीच."

"बसतो. पण लीड आमची."

आता मात्र वच्छलाबाई मांडीवरचा गठ्ठा ढकलून खाली उतरल्या. "पोरगी माही, लग्न माह्या घरचं, आन तुम्ही दोघं लीड कायची मोजून राह्यले? सेवादासभाऊ, सुरभीले खांद्यावर बसवून पोळा दाखवाले कोण नेये? बोला, आता कायले तोंड शिवून बसले?"

सेवादास ओशाळला. त्यानं रूपसिंगला दोन्ही हात जोडून सांगितलं, लग्न खरं आहे, पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली आहे. रूपसिंगला पटलं. साहेब मात्र नियमाचे पक्के होते. ते म्हणाले, "सामनेवाली पार्टी को फोन लगाओ. मैं बात करता."

घनश्यामनं मोठ्या विश्वासानं व्याह्यांना, म्हणजे अमरचे वडील मारोतराव यांना, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर चालू केला. मारोतराव केळापुरात सेवादासच्याच पक्षाचा प्रचार करत फिरत होते आणि आचारसंहितेला फार घाबरून होते.

"इलेक्शन स्क्वाड से बोलता," साहेब म्हणाले. "आप का नाम से एक गाडी साडी पकडा. घनश्याम को जानते?"



"कौन घनश्याम?" मारोतराव म्हणाले. "मैं किसी घनश्याम को नहीं जानता. मेरे घर में शादी नहीं है. मेरे को लडका ही नहीं है!" आणि फोन बंद झाला.

घनश्याम हातातल्या फोनकडं पाहत राहिला. आजवर डिपॉझिट गेलेल्या उमेदवारावरचाही त्याचा विश्वास कधी ढळला नव्हता. तो आता रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. "इवाई म्हणते, पोरगाच नाही," तो हळूच म्हणाला.

"सामनेवाल्या पार्टीनं उमेदवारच मागं घेतला," सेवादास म्हणाला, पण त्यालाही हसू आलं नाही.

"इकडं आणा तो फोन," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाप्यायचं काम नाही हे. मी बोलतो इहीणबाईसंग."

त्यांनी फोन लावला, स्पीकर तसाच ठेवला आणि एवढंच म्हटलं, "इहीणबाई, साड्या घेतल्या बरं का."

"घेतल्या?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "रंग सोडणाऱ्या तं नाही ना घेतल्या? माह्या भाचीच्या लग्नात अशा साड्या आल्यात्या, बाई, पुसण्याच्या कामाच्या. कोणता रंग घेतला? गुलाबी? अव माय! आमच्या खानदानात गुलाबी कोणालेच शोभत नाही. मोठ्या जावेले तं बिलकुलच नाही, तिचा रंग तुम्ही पाह्यला ना? आन सगळ्यायले सारखी म्हणजे? अमरच्या आत्याले आन गड्याच्या बायकोले एकच साडी? मानाच्या पाच वेगळ्या पाह्यजे, काठापदराच्या. नाही तं मावशी मांडवात जेवणार नाही, आताच सांगून ठेवतो. साखरपुड्यालेबी तुम्ही..."

सीमेवरचा रूपसिंग ते मराठी साहेबांना भरभर तेलुगूत सांगत होता. साखरपुड्यापाशी तो मागं पडला आणि त्यानं नाद सोडला. साहेबांना आता भाषांतराची गरजही उरली नव्हती. ते आधी उभे होते, मग खुर्चीत बसले, मग त्यांनी रुमालानं मान पुसली.

"विय्यपुरालु," ते कॅमेरावाल्याला म्हणाले. विहिणीला तेलुगूत तसं म्हणतात, हे रूपसिंगनं नंतर सांगितलं. मग साहेब घनश्यामकडं वळले. "मेरा भी दो लडकी का शादी हुआ. वोटर कभी इतना नहीं बोलता. साडी लेकर जाओ. और सुनो, शादी में फोटो निकालो तो झंडा मत लगाना."

गठ्ठे परत गाडीत चढले. फोनवर अजून साखरपुडाच चालू होता.

पैनगंगेचा पूल ओलांडून गाडी महाराष्ट्रात आली, तोच मारोतरावांचा फोन आला. "घनश्यामराव, मनावर नका घेऊ. मले वाटलं, आता मलेच उचलून नेते. तोंडातून काय निघालं, मलेच समजलं नाही."

घनश्याम तोंड उघडणार, एवढ्यात वच्छलाबाईंनी मागून हात घालून फोन काढून घेतला. "आमच्या मनात काहीच नाही, भाऊ. पण आमच्या यायले खोटं बोलता येत नाही. आज पाह्यलं ना मी. मांडवात चार लोकात कोणी इचारलं, का नाक्यावर काय झालतं, तं हे सांगून टाकतीन, नवरदेवाचे बाबा म्हणे मले पोरगाच नाही."

मग मारोतराव म्हणाले, "मानाच्या साड्यांचं मी घरी समजावून सांगतो. गुलाबी चांगला रंग हाय."

घनश्यामचा चेहरा पुन्हा फुलला. "पाह्य सेवादास! सामनेवाल्या पार्टीनं आपलं धोरण मान्य केलं!"

सेवादास कसल्या तरी विचारात होता. "घनश्याम," त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "तू लीड काढली, त्यात बायांची मतं कोणाकडं धरली?"

"आमच्याकडं. अर्धं तिकीट हाय ना."

"मी आमच्याकडं धरली. कापसाच्या भावापायी. आन आपल्या घरच्या?"

"त्या तं धरलेल्याच असते. त्यात काय इचारा लागते?"

दोघांनी एकाच वेळी वरच्या आरशात पाहिलं. साड्यांच्या गठ्ठ्यांवर रेलून दोघी बाया अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. सेवादासनं गाडीचा वेग कमी केला आणि आपल्या बाजूची काच वर घेतली. ते पाहताच मागचं बोलणं गोर बोलीत सुरू झालं. तांड्याशेजारी संसार केलेल्या वच्छलाबाईंना ती बोली अस्खलित यायची. घनश्यामची मजल राम रामीच्या पुढं गेली नव्हती.

"काय म्हणून राह्यल्या?" त्यानं कुजबुजत विचारलं.

सेवादास कान देऊन ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"सांग ना बे. तुह्या पक्षाले?"

सेवादासनं नकारार्थी मान हलवली.

"मंग आमच्या!"

सेवादासनं पुन्हा तशीच मान हलवली. मागं लालीबाई खुदकन हसली. सेवादासनं काच पूर्ण खाली केली, तसा वारा भसकन आत शिरला आणि मागचं काही ऐकू येईनासं झालं.

"घनश्याम," तो समोर रस्त्याकडं पाहत म्हणाला, "यंदा ऊन लयच हाय, नाही?"